न उठणाऱ्या नऊ पट्ट्या: एका विभागीय पियानो स्पर्धेचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून इथे शहर, वर्ष, सभागृह आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. क्रम, वेळा आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

स्पर्धा गोव्यातल्या एका शहरात, ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी झाली. गोवा, दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव या पट्ट्यातल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती होती. एकूण ३९ स्पर्धक होते: 'अ' गटात (१० वर्षांपर्यंत) १४, 'ब' गटात (११ ते १४) १६ आणि 'क' गटात (१५ ते १८) ९.

पावसाळ्यात पियानो स्पर्धा भरवणं वेडेपणाचं वाटेल, पण आयोजकांची गणितं वेगळी होती. नोव्हेंबरपासून लग्नसराई आणि पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की सभागृहाचं भाडं चढतं आणि तारखाही मिळत नाहीत. मार्च-एप्रिल शाळेच्या परीक्षांचे. मुलं वर्षभर एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश मंडळांच्या संगीताच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीत असतात, ती वेळापत्रकंही सांभाळावी लागतात. हे सगळं वजा केल्यावर चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन आठवडे उरतात.

'अ' गटाला सोनाटिनाची (छोट्या सोनाटाची) एक मूव्हमेंट, म्हणजे एक भाग, आणि आवडीची एक रचना, मिळून सहा मिनिटं. 'ब' गटाला बाखची एक इन्व्हेन्शन, म्हणजे दोन स्वतंत्र चाली एकत्र चालणारी छोटी रचना (बाखच्या सूचीतल्या बीडब्ल्यूव्ही ७७२ ते ७८६ पैकी), आणि दुसऱ्या कालखंडातली एक रचना, दहा मिनिटं. 'क' गटाला बाख किंवा स्कार्लाती, एका क्लासिकल सोनाटाच्या दोन मूव्हमेंट आणि रोमँटिक किंवा त्यानंतरची एक रचना, अठरा मिनिटं. सगळं पाठ वाजवायचं. परीक्षक तीन, त्यातले दोन बाहेरगावचे. प्रत्येकानं १०० पैकी गुण द्यायचे, सरासरी काढायची आणि स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण द्यायचे नाहीत. नियमावली दोन पानांची होती. वाद्य बिघडलं तर काय करायचं याबद्दल तीत एक अक्षरही नव्हतं. शेवटी नेहमीचं वाक्य तेवढं होतं: "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील."

वाद्य, सभागृह आणि हवा

सभागृहाचा स्वतःचा ग्रँड पियानो होता, सुमारे १८५ सेंटीमीटर लांबीचा, पंचवीसेक वर्षं जुना. एरवी तो रंगमंचाशेजारच्या खोलीत रजईचं आवरण घालून ठेवलेला असे. सरावाच्या खोलीत एक अपराइट, म्हणजे उभा पियानो होता. ट्यूनर मुंबईहून बोलावला होता. अंदाजपत्रकात त्याची एकच फेरी धरलेली होती: शुक्रवारी दुपारी पूर्ण ट्यूनिंग, शनिवारी सकाळी सात वाजता तारांचे सूर पुन्हा तपासायचे आणि दुपारच्या गाडीनं परत.

शुक्रवारी ट्यूनिंग झालं तेव्हा एसी चालू होता, तापमान २३ अंश आणि आर्द्रता ५८ टक्के. ट्यूनरनं आपला आर्द्रतामापक रंगमंचावर ठेवला होता आणि जाताना तो बरोबर नेला. इथून पुढे हवेची नोंद कुणाकडेच नव्हती.

सभागृहाच्या करारात एसी सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ एवढाच होता. बाहेर पावसाळी रात्र, साधारण २६ अंश आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. अशा हवेतलं पाणी २४ अंशांच्या आसपासच दवासारखं सुटायला लागतं. म्हणजे दिवसभर एसीत गार झालेल्या पियानोवर ही हवा आली की तारांवर, लोखंडी प्लेटवर आणि पिनांवर बाष्प बसणार, हे ठरलेलंच.

शनिवारी रात्री नेमकं हेच झालं. रविवारच्या बक्षीस समारंभासाठी मंडप सजावटीची माणसं आली. सामान आत घ्यायला रंगमंचाचं मागचं दार रात्री अकरापर्यंत सताड उघडं होतं. एसी बंद होता आणि पियानोचं झाकण लांब काठीवर उघडंच राहिलं होतं. झाकण बंद करणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

दमट हवेचा पियानोवर होणारा परिणाम एकसारखा नसतो आणि एकाच वेगानं होत नाही. पुढचे निर्णय समजायला हा फरक लक्षात असलेला बरा. तापमान बदललं की तारा मिनिटांत प्रतिसाद देतात: रंगमंचाच्या दिव्यांनी तापल्या तर सूर उतरतो, एसीचा गार झोत बसला तर चढतो. साउंडबोर्डचं (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं) लाकूड ओल शोषून फुगतं, त्याचा फुगवटा वाढतो आणि सूर वर जातात. हा चढ मधल्या सप्तकांत जास्त असतो, पण तो पूर्ण दिसायला काही दिवस लागतात. पट्ट्यांच्या छिद्रांना आणि हॅमरच्या (तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या) सांध्यांना बसवलेलं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, पातळ असतं. ते एका रात्रीत उघड्या ठेवलेल्या पापडासारखं सादळतं, आणि सादळलं की पिनेभोवती आवळतं.

अडचण

शनिवारी 'अ' गट सुरळीत पार पडला. दुपारी 'ब' गटाच्या वेळी दोन-तीन शिक्षकांना पियानोच्या मधल्या भागात काहीतरी "जड" वाटलं. एका शिक्षिकेनं संयोजकांच्या कानावर घातलंही, पण सकाळीच तर ट्यूनर तपासून गेला आहे, या विचारानं ते तिथंच राहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दोनेकशे माणसं ओल्या छत्र्या, रेनकोट घेऊन थेट आत येऊन बसली होती. सभागृहातली आर्द्रता वाढायला एवढंही पुरतं.

रविवारी साडेनऊला 'क' गट सुरू झाला. पहिले दोन स्पर्धक वाजवून गेले. तिसऱ्या मुलीनं स्कार्लातीचा डी मायनर सोनाटा (सूचीक्रमांक के. १४१) निवडला होता. यात उजव्या हाताला एकच सूर झपाट्यानं पुन्हा पुन्हा ठोकायचा असतो. रचना पियानोच्या आधीच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यासाठी लिहिलेली आहे. पियानोवर ती वाजते ती ग्रँडच्या यंत्रणेतल्या पुनरावृत्तीच्या तरफेच्या जोरावर. ही व्यवस्था एरार या पियानो बनवणाऱ्या फ्रेंच कारागिराच्या १८२१ च्या पेटंटमधून आली. तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा ठोका देता येतो. पण त्यासाठी पट्टी आणि हॅमर दोन्ही मोकळे हलले पाहिजेत.

दुसऱ्याच ओळीत ठोके गळायला लागले. मुलगी थांबली, पहिल्यापासून सुरू केलं, आणि त्याच जागी पुन्हा ठोके गळाले. तिनं तशीच रचना पुरी केली. चौथ्या मुलाचा बीथोव्हनचा 'पथेटिक' सोनाटा (ऑपस १३) होता. त्याच्या संथ मूव्हमेंटमध्ये वरची चाल आणि खालचा बास यांच्या मध्ये छोट्या, सारख्या लांबीच्या सुरांची साथ अखंड चालू असते. तिथे एक पट्टी दाबल्यावर खालीच राहिली. मुलानं वाजवता वाजवताच नखानं ती वर ओढली. उठताना तो संयोजक बाईंना एवढंच म्हणाला, "टीचर, पट्टी वर येत नाही."

तेव्हा अकराला पाच कमी होते. अजून पाच स्पर्धक बाकी होते. त्यातल्या कोल्हापूरच्या एका कुटुंबाची परतीची बस संध्याकाळी सहाची होती. ट्यूनर आदल्या दुपारीच मुंबईला परतला होता.

समोर असलेले पर्याय

थांबायचं की नाही, हा पहिला प्रश्न. तिसऱ्या स्पर्धकानंतरच थांबायला हवं होतं, असं नंतर सगळ्यांचं मत पडलं. त्या क्षणी मात्र परीक्षकांना ती मुलीची घबराट वाटली. हे समजण्यासारखं आहे, कारण वेगवान पुनरावृत्तीत ठोका गळणं ही विद्यार्थ्याची नेहमीची चूक असते. वाद्याचा दोष आणि बोटांचा दोष ऐकायला सारखाच लागतो. म्हणून परीक्षकानं कानावर विसंबून न राहता मध्यंतरात स्वतः जाऊन पट्टी दाबून बघणं हाच खात्रीचा उपाय.

चौथ्यानंतर काम थांबवलं आणि पाच पर्याय पुढे आले.

"चालू द्या, सगळ्यांना सारखंच वाद्य आहे," असं एका पालकानं सुचवलं. पण ते सारखं नव्हतं. ज्याच्या रचनेत संथ, जाड स्वरसमूह आहेत त्याला नऊ अडलेल्या पट्ट्या जाणवणारही नाहीत. ज्याच्या रचनेत ट्रिल (शेजारचे दोन सूर झपाट्यानं आलटून पालटून वाजवणं) किंवा पुनरावृत्ती आहे त्याचे गुण तिथेच जातील.

सरावाच्या खोलीतला अपराइट रंगमंचावर आणायचा, हा दुसरा पर्याय. त्यात पुनरावृत्तीची ती तरफ नसते, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. डाव्या पेडलचं कामही निराळं: ग्रँडवर अख्खी यंत्रणा सरकून हॅमर कमी तारांवर पडतात, अपराइटवर हॅमर फक्त तारांच्या जवळ येतात. चार मुलांनी ग्रँडवर आणि पाच मुलांनी अपराइटवर वाजवलं असतं तर तुलनाच उरली नसती.

तिसरा पर्याय, वाद्यांच्या दुकानातून भाड्यानं डिजिटल पियानो. दोन तासांत आला असता आणि ओलीची धास्ती नव्हती. पण नियमावलीत 'अकूस्टिक पियानो' असं लिहिलेलं होतं आणि अर्धं पेडल, डॅम्परचा (तारेचा नाद थांबवणाऱ्या फेल्टच्या गादीचा) सूक्ष्म वापर यांवर 'क' गटात गुण असतात. शेवटचा आधार म्हणून हा पर्याय राखून ठेवला.

चौथा, 'क' गट पुढे ढकलायचा. तीन जिल्ह्यांतून आलेली मुलं आणि बाहेरगावचे परीक्षक पुन्हा जमवणं जवळपास अशक्य होतं.

पाचवा, थांबून दुरुस्ती करायची. यासाठी कुणीतरी जाणकार हवा होता. मुंबईच्या ट्यूनरला फोन केला तर त्यानं आधी काय करायचं नाही तेच सांगितलं: "यंत्रणा स्वतः बाहेर ओढू नका. आणि तेल, स्प्रे, पावडर काहीही मारू नका." दुसरी सूचना अगदी वेळेवर आली, कारण एक स्वयंसेवक गंज सोडवणारा स्प्रे घेऊन उभाच होता. तसला स्प्रे फेल्ट शोषून घेतं. तो ट्यूनिंग पिनांच्या लाकडात मुरला तर पिना सैल होतात आणि पियानो सूर धरेनासा होतो. टाल्कम पावडरनं तासभर बरं वाटतं, नंतर ओल आणि पावडर मिळून लगदा होतो. पहिल्या सूचनेचं कारणही तितकंच साधं: ग्रँडची यंत्रणा ओढताना एखादी पट्टी दाबली गेली तर हॅमर वर उचलला जातो आणि पिन-ब्लॉकच्या (ट्यूनिंग पिना बसवलेल्या लाकडाच्या) कडेला आपटून मोडतो.

मुंबईच्या ट्यूनरनंच जवळच्या तालुक्यातल्या एका निवृत्त तंत्रज्ञाचं नाव दिलं. चर्चमधली ऑर्गन आणि घरोघरचे जुने पियानो ते अजून बघत. पाऊण तासात पोचतो म्हणाले.

प्रत्यक्ष काय केलं

तंत्रज्ञ येईपर्यंतचा वेळ वाया गेला नाही. संयोजक बाई आणि एक शिक्षक पियानोपाशी बसले आणि ८८ पट्ट्या एकेक करून तपासल्या. पट्टी हळू दाबायची, हळू सोडायची, मग चार वेळा झटपट ठोकायची. जी अडेल तिच्यावर मास्किंग टेपचा तुकडा. नऊ तुकडे लागले, सगळे मधल्या 'सी' सुरापासून वरच्या दीड सप्तकात. रात्री मागच्या दारातून येणारी हवा थेट याच भागावर पडत होती, आणि दोन दिवसांत सर्वांत जास्त वाजलेला भागही हाच.

टेप लावतानाच त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. पट्टीच खाली राहते आणि नखानं उचलली की वर येते, तर दोष पट्टीच्या छिद्रातल्या फेल्टमध्ये: पुढच्या किंवा मधल्या पिनेभोवती ते आवळलेलं असतं. पट्टी वर येते पण दुसरा ठोका वाजत नाही, तर हॅमर किंवा त्याखालचा सांधा अडलेला. पहिल्या प्रकारच्या सहा निघाल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या तीन. या साध्या वर्गवारीनं तंत्रज्ञाचा अर्धा तास तरी वाचला.

दरम्यान एसी २४ अंशांवर आणला. आधी तो १८ वर होता, कारण पालकांना उकडत होतं. मागचं दार बंद करून त्याच्या फटीला कापड लावलं. छत्र्या आणि रेनकोट बाहेर व्हरांड्यात ठेवायला सांगितले. रंगमंचाचे दिवे निम्मे केले.

तंत्रज्ञ अकरा पन्नासला आले. पट्ट्यांपुढची फळी, दोन्ही बाजूंचे ठोकळे आणि पट्ट्यांवरचं झाकण काढून त्यांनी यंत्रणा हळूच बाहेर सरकवली आणि चादर घातलेल्या टेबलावर ठेवली. सहा पट्ट्यांचं काम वीस मिनिटांत झालं. पट्टीच्या छिद्रातलं फेल्ट खास पकडीनं हलकेच दाबायचं, पिनेवर बसवून बघायचं, गरज पडली तर पुन्हा दाबायचं. घाई केली तर फेल्ट जास्त दबतं, पट्टी डुगडुगते आणि प्रत्येक ठोक्याला टकटक आवाज येतो. तो दोष पाऊस गेला तरी जात नाही.

तीन हॅमर जास्त वेळखाऊ होते. मोकळ्या सांध्याचा हॅमर हेलकावा दिला तर पाच-सहा वेळा झुलतो. हे तिन्ही एकदा हलून थांबत होते. दोघांच्या सांध्यातली पिन काढून फेल्ट किंचित मोकळं केलं आणि नवी पिन घातली. तिसऱ्याला हातभर अंतरावरून हेअर ड्रायरचा कोमट झोत दिला, तो मोकळा झाला. ड्रायरचा गुण काही तासच टिकतो. हवा दमट राहिली तर फेल्ट पुन्हा आवळतं. पण इथे काही तासच हवे होते.

मग ट्यूनिंगचा प्रश्न आला. यंत्रणा आत गेल्यावर ऐकलं तर मधला भाग खालच्या आणि वरच्या भागापेक्षा थोडा चढलेला होता. संयोजकांचं म्हणणं, आता आलाच आहात तर सगळंच करून घ्या. तंत्रज्ञांनी नकार दिला. पूर्ण ट्यूनिंगला दोन तास लागले असते. शिवाय एसी पुन्हा सुरू झाल्यानं लाकूड कोरडं होऊ लागलं होतं, म्हणजे सूर आपोआप थोडे उतरणारच होते. चढलेला भाग आत्ता खाली ओढला असता तर चार वाजेपर्यंत तो उलट उतरलेला ऐकू आला असता. त्यांनी मधल्या तीन सप्तकांत प्रत्येक सुराच्या तिन्ही तारा आपसात मिळवून घेतल्या आणि एकूण उंचीला हात लावला नाही. चाळीस मिनिटांचं हे काम या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नेमका निर्णय होता. तीन तारा एकमेकींत मिळाल्या नाहीत तर लोकांना पियानो बेसूर वाटतो. मधला भाग पाच-सात सेंटनी (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढलेला असला तर फार थोड्यांच्या लक्षात येतं.

एक चाळीसला काम संपलं. दोन शिक्षकांनी नऊ पट्ट्यांवर पुनरावृत्ती आणि ट्रिल वाजवून पाहिल्या आणि टेपचे तुकडे काढले.

पुन्हा वाजवू द्यायचं की नाही

दुरुस्ती झाली. आधी वाजवून गेलेल्या चौघांचं काय करायचं, यावर मात्र जेवणाच्या वेळात परीक्षक आणि आयोजक यांच्यात तासभर चर्चा झाली.

तिसऱ्या आणि चौथ्या स्पर्धकाला पुन्हा संधी द्यायची यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पहिल्या दोघांच्या वाजवण्यात ऐकू येईल असा बिघाड नव्हता. त्यांना संधी न देणं म्हणजे "ज्याचं चुकलं त्यालाच दोन फेऱ्या" असं झालं असतं. दिली तर उरलेल्या पाचांपैकी कुणीतरी बोट दाखवणार होतं. दाखवलंच. सातव्या स्पर्धकाचे वडील म्हणाले, "सर, आमच्या मुलाला एकच संधी आणि त्यांना दोन?"

शेवटी असं ठरलं. चौघांनाही पुन्हा वाजवण्याची मुभा, सक्ती नाही. स्वतः निवडलेली एकच रचना वाजवायची. त्या रचनेसाठी दुसऱ्या वेळचं वादनच धरायचं, दोन्हींतलं चांगलं ते नाही. निर्णय वादन सुरू होण्याआधी माइकवरून सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. पुन्हा वाजवणारे शेवटी येतील आणि कोल्हापूरच्या मुलाला सर्वांत आधी घ्यायचं.

"दुसरंच धरायचं" ही अट सगळ्यात जास्त उपयोगी पडली. तिच्यामुळे पुन्हा वाजवणं फुकटची संधी राहिली नाही. दुसऱ्या स्पर्धकानं देब्युसीची पहिली आराबेस्क आधीच छान वाजवली होती. तिनं नकार दिला. पहिल्या मुलानं संधी घेतली आणि त्याचं दुसरं वादन पहिल्यापेक्षा फिकं झालं. त्याच्या आईवडिलांनी नंतर पहिलंच धरा म्हणून विनंती केली. अट आधी जाहीर झालेली असल्यामुळे वाद तिथेच मिटला.

एकच रचना वाजवू देणं मात्र तितकंसं बरोबर नव्हतं. त्यामुळे परीक्षकांना एकाच स्पर्धकाच्या कार्यक्रमाचा एक भाग दुरुस्त वाद्यावर आणि बाकीचा बिघडलेल्या वाद्यावर ऐकून एकच आकडा लिहावा लागला. तिघांना पूर्ण कार्यक्रम पुन्हा वाजवू दिला असता तर पाऊण तास जास्त गेला असता, पण गुण स्वच्छ राहिले असते. शेवटी घेण्यापेक्षा त्यांना आधी घ्यायला हवं होतं. पाच ताज्या वादनांनंतर परीक्षकांच्या मनात क्रम जवळपास ठरलेला असतो.

निकाल आणि नंतरची पत्रकं

कार्यक्रम दीड तास उशिरा, साडेपाचला संपला. कोल्हापूरचं कुटुंब निकालाआधीच निघालं. स्कार्लाती वाजवणाऱ्या मुलीला 'क' गटात दुसरा क्रमांक मिळाला. दुसऱ्या खेपेला तिच्या पुनरावृत्तीतला एकही ठोका गळला नाही. सातव्या स्पर्धकाच्या वडिलांनी लेखी तक्रार दिली. समितीनं जाहीर केलेला निर्णय आणि वेळापत्रक जोडून उत्तर पाठवलं, निकाल बदलला नाही.

इथवर सगळं नीट मिटल्यासारखं वाटत होतं. आठवड्यानं समितीनं गुणपत्रकं लावायला घेतली तेव्हा शनिवारच्या 'ब' गटाचे शेरे नजरेस आले. तीन मुलांनी बाखची चौथी इन्व्हेन्शन, डी मायनर, वाजवली होती. तिच्यात आधी उजव्या आणि मग डाव्या हातात लांबलचक ट्रिल येते. तिघांच्या पत्रकांवर वेगवेगळ्या परीक्षकांच्या अक्षरात जवळपास एकच वाक्य होतं: "ट्रिल असमान." एकावर पुढे "पट्टी पूर्ण सोडत नाही", दुसऱ्यावर "हाताला ताण". चौथ्या एका मुलाच्या सोनाटिनाखाली "मधला आवाज बुडतो".

तिघं तीन गावांतले, तीन शिक्षकांचे विद्यार्थी. तिघांची ट्रिल एकाच दिवशी, वाद्याच्या एकाच भागात बिघडावी हा योगायोग असणं अवघड होतं. वाद्य शनिवारी दुपारीच अडायला लागलं होतं आणि त्याचा दोष मुलांच्या नावावर लिहिला गेला. त्यातल्या एका मुलीचा तिसरा क्रमांक दीड गुणानं हुकला होता.

गुण बदलायचे का, यावर समितीत फूट पडली. बदलायला ठोस आधार नव्हता. शनिवारची आर्द्रता कुणी नोंदली नव्हती, पट्ट्या तपासल्या नव्हत्या. क्रम तसेच ठेवले. चारही कुटुंबांना पत्र लिहून वाद्यातल्या दोषाची शक्यता कळवली आणि पत्रकांवरचा संबंधित शेरा ग्राह्य धरू नये असं स्पष्ट लिहिलं. शिक्षकांनाही कळवलं, कारण "हाताला ताण" असा शेरा वाचून एखादा शिक्षक वर्षभर मुलाचं मनगट दुरुस्त करत बसला असता.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय शनिवारी दुपारी हातात होता. शिक्षिकेनं "जड वाटतं" म्हटलं तेव्हा दहा मिनिटं थांबून पट्ट्या तपासल्या असत्या तर ट्यूनर अजून शहरातच होता. आता समितीनं प्रत्येक गटाआधी आणि प्रत्येक आठ स्पर्धकांनंतर ही तपासणी वेळापत्रकातच घातली आहे. ८८ पट्ट्या, प्रत्येकीला चार ठोके, दोन माणसं, साधारण आठ मिनिटं.

ट्यूनर शेवटच्या वादनापर्यंत थांबायला हवा. एका रात्रीचं राहणं आणि मानधन हा खर्च पेलवत नसेल तर तिन्ही गट एकाच दिवशी ठेवून स्पर्धा आटोपती घ्यावी. स्थानिक तंत्रज्ञाचा नंबर आधीच हाताशी असावा आणि त्यानं वाद्य एकदा आधी पाहिलेलं असावं.

आर्द्रतामापक दोन घ्यावेत. एक पियानोखाली साउंडबोर्डजवळ, दुसरा प्रेक्षकांत. एसीच्या झोतासमोर ठेवलेला मापक फसवा आकडा दाखवतो. ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आकडा स्थिर राहणं महत्त्वाचं, कारण पियानोला आकड्यापेक्षा बदल जास्त बाधतो. रात्री एसी बंद होणार असेल तर तो एकदम बंद न करता तापमान आधी तासाभरात २६ वर आणावं, झाकण मिटावं, रजईचं आवरण घालावं आणि शेजारी डीह्युमिडिफायर चालू ठेवावा. प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत ओल कोंडते. सजावटीची माणसं आलीच तर दार सामान आणण्यापुरतंच उघडावं.

नियमावलीत आता एक कलम आहे. वाद्यात दोष आढळल्याचं परीक्षकप्रमुखानं जाहीर केलं तर त्या गटातल्या आधी वाजवलेल्या सर्वांना पूर्ण कार्यक्रम पुन्हा वाजवण्याची मुभा राहील, दुसरं वादनच धरलं जाईल, आणि ते दुरुस्तीनंतर लगेच घेतलं जाईल. गुणपत्रकावरही "वाद्याबाबत शंका" असा एक रकाना वाढवला आहे. त्यात खूण पडली की पुढच्या स्पर्धकाला बोलावण्याआधी पट्टी तपासायची.

महिना बदलण्याचा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला, जानेवारीतलं भाडं परवडण्यासारखं नव्हतं. रात्रभर एसी आणि डीह्युमिडिफायर चालवण्याच्या विजेचा खर्च कुणी उचलायचा, यावर सभागृहाशी बोलणी अजून चालूच आहेत.